कुंकू लावलेला ध्रुव

रविवार, २९ सप्टेंबर १९७४

परवा स्टाफरूममध्ये सगळे मला हसले, म्हणून ही दैनंदिनी सुरू करतो आहे. पुढे कधी या कामाचा इतिहास कुणी लिहायला घेतला तर त्याला सुरुवात सापडली पाहिजे.

मी एवढंच म्हणालो होतो, की चुंबकाच्या सान्निध्यात गहू पेरला तर तो वेगळा उगवतो. ड्रॉइंगचे मास्तर म्हणाले, "धकाते सर, मंग चुंबकाची टोपी घालून पहा ना. केस उगवले तर सांगजा." हसणाऱ्यांत भूगोलवालेही होते. पृथ्वी हेच एक मोठं आणि मंद चुंबक आहे, हे वर्गात सांगण्याचा ज्यांना पगार मिळतो, ते.

वाचनालयातल्या एका विलायती मासिकात मी हे वाचलं. सगळे जीव पृथ्वीच्या या मंद चुंबकत्वात जन्मतात, वाढतात. मग त्यात थोडा फेरफार केला तर त्यांच्यावर परिणाम व्हायलाच हवा. एक ध्रुव रोपाला वाढवतो, दुसरा दाबून ठेवतो, असा लेखाचा सूर होता. लेखकानं जागोजागी 'कदाचित' लिहिलं होतं, पण विलायतेत विनय म्हणून तसं लिहितात.

अडचण होती ती तुलनेची. एकच धान्य, एकच माती, एकाच दिवशी, अनेक ठिकाणी कोण पेरणार? आज आंघोळ करताना उत्तर सापडलं. घटस्थापना! प्रत्येक घरी काळी माती, गहू, मधोमध पाझरणारा मातीचा घट, आणि दसऱ्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. असली प्रयोगशाळा विलायतेत नाही. आपल्या बाया वर्षानुवर्षं चालवत आल्या आहेत आणि त्यांना पत्ताही नाही.

घरात मात्र दुसरंच चाललं आहे. सून पुष्पलता हिला बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष पुरं करायचं आहे. विषय वनस्पतिशास्त्र. लग्नामुळे राहिलं होतं. दिवाळीनंतर आली तरी घेऊ, त्यापुढे नाही, असं प्राचार्यांनी तिला सांगितलं आहे. मुलगा बाबन नोकरीनिमित्त चंद्रपूरला असतो, पंधरवड्यानं येतो. तो म्हणतो, घरातले म्हणतील तसं. आमच्या सौभाग्यवती प्रयागबाई, त्यांना सुनेनं प्रताप नगरातून सायकलवर कॉलेजला जाणं पसंत नाही. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, दोन्ही बाजूंना तथ्य आहे.

शेवटी प्रयागबाईंनीच तोड काढली. "घट पाहू. आपला घट जोमानं वाढला तं देवीचं हो हाये. खुरटला तं नाई." पुष्पलतेनं माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत होतो. एकंदरीत मला बरं वाटलं. देवीवर माझा विश्वास नाही, पण निर्णय माझ्यावर न येता लागला तर कुणाला नको असतो.

शनिवार, ५ ऑक्टोबर

इतवारीच्या बाजारात कबाड्याकडून मोडक्या लाउडस्पीकरांतली चुंबकं घेतली. काळी, कड्यासारखी गोल, मंद शक्तीची. नत्थू सुतारानं चार पाट करून दिले, तळाशी पोकळी ठेवून. चुंबक आत बसवायचं, वरून पातळ फळी सरसानं चिकटवायची. "मास्तर, पाटाले पोट काहून?" असं त्यानं विचारलं. पाट हलका व्हावा म्हणून, असं मी सांगितलं. मग चुंबक घालून तो जड केला.

कोणती बाजू कोणत्या ध्रुवाची, याची खूण हवी होती. घरात रंग नव्हता. प्रयागबाईंच्या करंड्यातलं कुंकू ओलं करून वाढवणाऱ्या ध्रुवाच्या बाजूला लावलं. लाल ठसठशीत दिसतं.

आमच्या या नव्या वस्तीच्या ले-आउटमध्ये अजून चारच घरं उठली आहेत. आमचं, तुळजाबाईंचं, कुसुमताईंचं आणि कांताबाईंचं. चारही घरी पाट भेट म्हणून द्यायचे. वाटप चिठ्ठ्या टाकून केलं, म्हणजे पक्षपात नको. तुळजाबाई आणि कांताबाई, कुंकू वर. कुसुमताई, चुंबक नाही. आणि आम्ही, कुंकू खाली. म्हणजे आमचा घट खुरटणार.

चिठ्ठी हातात धरून मी बराच वेळ बसलो. पुष्पलतेचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पुन्हा चिठ्ठ्या टाकाव्यात असं मनात आलं, नाही म्हणत नाही. पण शास्त्रात वशिला चालत नाही. चिठ्ठीनं जे दिलं ते घ्यायचं. प्रयागबाई घटावर भार टाकून मोकळ्या होतात तसला प्रकार मला जमत नाही.

बुधवार, १६ ऑक्टोबर

आज घट बसले. पाट कालच पुष्पलतेच्या हातून घरोघर पोचवले. सुनेनं दिले की बरं दिसतं. काळी माती चुलतभावाच्या शेतातून आणून तीही वाटली. तुळजाबाई म्हणाल्या, "मास्तराले म्हातारपणी देवी पावली वं."

आमच्या घटाचं धान्य पुष्पलतेनं पेरलं. पाट उचलताना म्हणाली, "मामाजी, हा पाट इतका जड काहून आहे?" मी म्हणालो, शिसवाचा आहे. मग तिच्या पदराची पिन पडली ती पाटालाच चिकटून राहिली. तिनं ती काढली, पुन्हा लावून पाहिली, पुन्हा काढली. माझ्याकडे बघितलं आणि माती पसरू लागली. नशीब, तिच्या काही लक्षात आलं नाही. पोरगी शांत आहे, पण निरीक्षण कमी. वनस्पतिशास्त्रवाल्यांचं असंच असतं.

शनिवार, १९ ऑक्टोबर

चारही घरी कोंब फुटले. सकाळी दर्शनाच्या निमित्तानं फेरी मारतो. पट्टी नेली तर शंका येईल, म्हणून नमस्काराला वाकताना बोटाच्या पेरांनी उंची मोजतो. तुळजाबाईंकडे घट पूर्वेच्या खिडकीत आहे, कांताबाईंकडे ओट्याला लागून, उजेडात. दोन्हीकडे कोंब हिरवेगार. आमचे सगळ्यांत बुटके.

म्हणजे दाबणारा ध्रुव दाबतो. देवघरात उभ्या उभ्या मला टाळी वाजवावीशी वाटली. तेवढ्यात मागून प्रयागबाई म्हणाल्या, "घट बोलून राहिला बापा." त्यांच्या मागे पुष्पलता निरांजन घेऊन उभी होती. मला आनंद झाला होता, आणि मग लाज वाटली. त्याच क्रमानं, हे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो.

रविवार, २० ऑक्टोबर

पुष्पलतेनं देवघराची खिडकी लावून घेतली आहे. "वाऱ्यानं अखंड दिवा विझते, आत्याबाई," म्हणाली. दिवा विझणं म्हणजे केवढा अपशकुन. प्रयागबाईंनी स्वतःच दाराला पडदाही लावला. आत आता मिणमिणता दिवा आणि काळोख.

दुपारी मला पाणी द्यायला आली तेव्हा तिनं विचारलं, "मामाजी, तुमच्या त्या मासिकात उजेडाचं काही लिहिलं आहे का?"

कोणतं मासिक, असं मी विचारायला हवं होतं. ते आता सुचतंय. तेव्हा मी म्हणालो, "पोरी, प्रत्येक गोष्टीत वनस्पतिशास्त्र आणायचं नसते." ती "बरं," म्हणून गेली. तिला शिकायची हौस आहे, यात शंका नाही.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

अनर्थ झाला आहे. पडदा सारून पाहिलं तर आमचा घट सगळ्यांच्या वर गेला आहे. लांबच लांब, पिवळेधमक, केसांसारखे कोंब. तुळजाबाईंचे त्याच्या निम्मेही नाहीत. प्रयागबाईंनी दृष्ट काढली. सुनेशी गोड बोलल्या. सायकल कुठली घ्यायची, इथपर्यंत गोष्ट गेली. सासरा म्हणून मला समाधान आहे. शास्त्रज्ञ म्हणून मी बुडालो.

शाळेत दोन तास बरोबर शिकवता आलं नाही. मग मधल्या सुट्टीत उलगडा झाला. होकायंत्राचं जे टोक उत्तरेकडे वळतं, त्याला आपण उत्तर ध्रुव म्हणतो. पण विजातीय ध्रुव एकमेकांना ओढतात. तेव्हा पृथ्वीच्या उत्तरेला खरं तर दक्षिण चुंबकीय ध्रुव असला पाहिजे. ही नावांची गफलत जगभर आहे. मासिकवाल्यानं कोणत्या अर्थानं लिहिलं आणि मी कोणत्या अर्थानं कुंकू लावलं, कोण सांगणार? म्हणजे कुंकू चुकीच्या बाजूला लागलं होतं. आमच्या घटाखाली वाढवणारा ध्रुव वर आहे, आणि प्रयोग तंतोतंत यशस्वी आहे.

रात्री दोन पोळ्या जास्त गेल्या.

बुधवार, २३ ऑक्टोबर, अष्टमी

हे कसं लिहावं ते कळत नाही.

कांताबाईंचा घट जरा जास्तच पाझरला. खालचा चिखल पुसायला त्यांनी पाट उचलला, तर सरस भिजून फळी सुटलेली. आतून काळं कडं पडलं, त्यावर कुंकू. त्या किंचाळल्या म्हणतात. कोणीही किंचाळलं असतं. देवीच्या घटाखाली लपवलेलं काळं लोखंड आणि त्याला कुंकू, याचा अर्थ आपल्याकडे एकच होतो. करणी.

मी शाळेत होतो. बायांनी तुळजाबाईंचा पाट फोडला, तिथेही कडं. कुसुमताईंचा फोडला, तो रिकामा. झालं, ज्यांच्याकडे काही निघालं नाही त्यांनीच केलं असणार, म्हणून सगळ्या कुसुमताईंवर उलटल्या. कुसुमताई रडत म्हणाल्या, "पाट का मी वाटले? ज्यायनं वाटले त्यायले विचारा. आन् साऱ्याइचे घट खुरटले असताना वाढला कोणाचा, थे बी पहा."

पाट वाटले पुष्पलतेनं. घट वाढला आमचा. पेरला तो पुष्पलतेनंच.

मी घरी आलो तेव्हा आमच्याही पाटाची फळी उघडी होती आणि प्रयागबाई भिंतीला टेकून रडत होत्या. "काहून रडून राहिली वं?" म्हटलं, तर म्हणाल्या, "हिनं कालेजात जाले घटाखाली करणी घातली. साऱ्या वस्तीचा घट मारला आन् आपला वाढवला. विचारतो तं बोलत नाई." पुष्पलता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती प्रयागबाईंकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती.

मी म्हणालो, सगळी चौकशी झाल्याशिवाय कुणाला दोष देऊ नये.

चौकशी! मी हे बोललो. माझ्याच तोंडानं.

तुळजाबाई संध्याकाळी सांगून गेल्या, सून दसऱ्याला या वस्तीत नको. प्रयागबाईंनी मान डोलावली. उद्या बाबन येणार, परवा पहाटेच तो तिला उमरेडला माहेरी पोचवून येईल. परत कधी आणायची ते मग पाहू.

मी का बोललो नाही, याची कारणं लिहून ठेवतो. प्रयोगाचा एक दिवस शिल्लक आहे. बाया चिडलेल्या आहेत, चिडलेल्या माणसाला चुंबकत्व समजत नाही. ड्रॉइंग मास्तरांच्या कानावर जाईल. आता वाचून पाहिलं. यांतलं तिसरं खरं आहे.

गुरुवार, २४ ऑक्टोबर, नवमी

सकाळी पुष्पलता ट्रंकेत लुगडी घालत होती. वर तिची पुस्तकं होती, ती तिनं बाहेर काढून फळीवर नीट लावून ठेवली. पुस्तकं ती नेत नव्हती.

मी म्हणालो, "पुष्पलता, ते चुंबकाचं..."

"मले पहिल्याच दिवशी कळलं मामाजी. पिन चिकटली होती ना."

"मग काल बोलली काहून नाही?"

तिनं लुगड्याची घडी पुरी केली. "प्रयोग तुमचा होता. मले वाटलं, तुमीच बोलान."

ते ट्रंकेत ठेवत म्हणाली, "आणि आपला घट चुंबकानं नाही वाढला. अंधारानं वाढला. उजेड शोधत रोप असंच लांबते, पिवळं पडते. खिडकी मी लावली. पाहा, देवीलेही मी फसवलं आहे थोडं. आत्याबाई अगदीच चुकल्या नाहीत."

अंधाराचा मुद्दा मला तितकासा पटला नाही, त्यात ध्रुवांचा विचार केलेला नाही. पण 'तुमीच बोलान' हे डोक्यातून जाईना. टोपी घातली आणि तिन्ही घरच्या बायांना आमच्या ओट्यावर बोलावलं.

सगळं सांगितलं. लाउडस्पीकर, चिठ्ठ्या, सरस, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग तुळजाबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "सासरा असावा तं असा. सुनेचं पाप आपल्या अंगावर घेऊन राहिला."

माझा जन्म खोटं बोलण्यात गेला असता तरी इतकं सहज कुणी खोटं मानलं नसतं. मी चुंबकाला सुया चिकटवून दाखवल्या. कांताबाई म्हणाल्या, चुंबक तं आमच्या पोराजवळ बी हाये, त्याले कुंकू नसते लागत. मी म्हणालो, कुंकू ध्रुवाची खूण म्हणून. "खूण कराले देवीचं कुंकू? तुमाले रंग नाई भेटला, मास्तर?" मी म्हणालो, नाही भेटला. सगळ्या हसल्या, म्हणजे कुणाचाही विश्वास बसला नाही. आयुष्यभर खोटी कारणं देऊन सुटत आलो, आणि आज खरं कारण कुणी घेईना. मला रडू यायच्या बेतात होतं.

तेव्हा आतून प्रयागबाई आल्या. हातात करंडा.

"कुंकू कधी घेतलं तुमी?"

"सर्वपित्रीच्या आधी. त्या शनिवारी."

"कोणत्या बोटानं?"

मी तर्जनी दाखवली. त्यांनी करंडा सगळ्यांपुढे धरला. कडेला ओल्या बोटाचा जाड ठसा होता, वाळून घट्ट बसलेला. "मी म्हणतच होती, कुंकवात पाण्याचं बोट कोणं घातलं. सून कशाले घालंल, तिची आपली टिकली असते. पाण्याचं बोट कुंकवात घालणारा एवढा येडा माणूस या वस्तीत एकच हाये. यायनंच केलं वं. मी यायले तीस वर्षं ओळखतो."

आता सगळ्यांना पटलं. विज्ञानानं जे झालं नाही ते माझ्या वेडेपणाच्या ख्यातीनं झालं. तुळजाबाईंनी पुष्पलतेला जवळ घेतलं. मला कुणी जवळ घेतलं नाही. कुसुमताई जाताना एवढंच म्हणाल्या, "माह्या पाटात काहून नव्हतं? आमी का वाईट होतो?"

शुक्रवार, २५ ऑक्टोबर, दसरा

घट उठले. बाबनला सगळं कळलं. तो माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघून हसत होता.

प्रयागबाईंनी जेवताना विषय काढला. "यंदाचा घट बाटला. त्याचं हो बी नाई आन् नाई बी नाई. आता सांगा, पोरीनं कालेजात जाव का नाई जाव?"

मी म्हणालो, पुढच्या वर्षी प्रयोग नीट मांडून...

"पुढच्या वर्षी तिले कोण घेते?"

बाबन वरणात भात कालवत होता. पुष्पलता वाढायचं थांबून उभी होती. घट नाही, चिठ्ठी नाही, कुणावर टाकायला काहीच उरलं नव्हतं. मला फार भीती वाटली. एवढ्याशा गोष्टीची एवढी भीती वाटावी याचंच नवल वाटत होतं.

"जाऊ दे तिला," मी म्हणालो. "सायकल माझी घेऊन जाईल. मी पायी जाईन शाळेत."

"बरं," प्रयागबाई म्हणाल्या आणि लिंबू मागितलं. इतक्यात संपलं.

सोनं लुटायला निघालो तेव्हा पुष्पलतेनं घटातले चार कोंब माझ्या टोपीत खोचले. फार लांब होते, कपाळावर लोंबत होते. मी तसाच वस्तीभर फिरलो. ड्रॉइंग मास्तर वाटेत भेटले. त्यांनी टोपीकडे पाहिलं आणि म्हणाले, "उगवले वाटते, सर."

शनिवार, २३ नोव्हेंबर

सोमवारपासून पुष्पलता कॉलेजला जाते. सायकलची घंटा वाजत नाही, ती मी दुरुस्त करून देणार आहे.

दरम्यान प्रयोग पुन्हा केला. दोन परड्या, एकीखाली चुंबक, दुसरीखाली काही नाही. दोन्ही देवघरातच, शेजारी शेजारी. आज मोजल्या. एकसारख्या. दोन्ही बुटक्या, हिरव्या, ताठ. चुंबक जुनं झालं असावं. कबाड्याकडच्या मालाचा भरवसा नसतो.

पुष्पलता कॉलेजातून आली ती तशीच देवघरात गेली. परड्यांकडे पाहिलं, मग वर पाहिलं.

"मामाजी, खिडकी कोणी उघडली?"

"मीच."

"काहून?"

"हवा यायला," मी म्हणालो.

ती बोलत नाही, हाच तिचा मोठा त्रास आहे. खिडकी थोडी मिटत आली होती, ती तिनं पूर्ण ढकलून उघडली आणि चहा ठेवायला आत गेली.